सवाई जयसिंहाची दगडी यंत्रे

दिल्लीच्या संसद मार्गावर, कॅनॉट प्लेसपासून हाकेच्या अंतरावर, जंतर मंतर नावाचे एक प्रशस्त आवार आहे. आकाशवाणी भवनही याच मार्गावर आहे. दिल्ली पाहावयास आलेला प्रवासी तेथे अर्धा तास काढतो, तांबूस रंगाच्या त्या भिंती, वाटोळ्या इमारती आणि कुठल्याही मजल्यावर न नेणारे ते उंच जिने पाहून चकित होतो आणि ‘राजाने बांधलेले घड्याळ’ एवढी नोंद मनाशी करून पुढे जातो. मूळ शब्द ‘यंत्र’. त्याचे लोकांच्या तोंडी ‘जंतर’ झाले आणि त्याच्या जोडीला ‘मंतर’ येऊन बसले. त्यामुळे या जागेला उगाच जादूटोण्याची छटा आली. वस्तुतः मंत्राला येथे तसूभरही जागा नाही. येथील प्रत्येक भिंतीचा उतार, प्रत्येक कमानीची त्रिज्या, इतकेच नव्हे तर प्रत्येक रिकामी फट ही कुठल्या तरी अडचणीला दिलेले उत्तर आहे. ही यंत्रे कोणी बांधली, केव्हा बांधली, हे इतिहासाच्या पुस्तकांत मिळते. ती अशाच आकाराची का झाली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आणि खरा रस आहे तो त्यातच.

यंत्रांचा कर्ता आंबेरचा राजा सवाई जयसिंह. जन्म १६८८ चा. अकरा-बारा वर्षांचा असताना तो गादीवर बसला आणि पुढची चार दशके मोगल दरबाराच्या राजकारणात वावरला. स्वभावाने तो मुत्सद्दी खरा, पण गणित आणि ज्योतिष यांचे त्याला वेड होते. त्या काळी ग्रहगणिताची जी साधने प्रचलित होती ती सारी त्याने तपासली. समरकंदच्या उलुघ बेगाची पंधराव्या शतकातील कोष्टके होती, अकबराच्या काळातील मुल्ला चांदची होती, आपले सिद्धान्तग्रंथ व करणग्रंथ होते. अडचण अशी की गणिताने काढलेले चंद्राचे स्थान एक, आणि आकाशात दिसणारे दुसरे. अमावास्या, ग्रहणे, ग्रहांचे उदयास्त यांच्या वेळा चुकत होत्या. हिंदूंच्या तिथी आणि मुसलमानांचे महिने दोन्ही आकाशावर अवलंबून, आणि राज्यकारभारातली कित्येक कामे या दोहोंवर अवलंबून; तेव्हा हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय नव्हता. जयसिंहाने ही गोष्ट बादशहा मुहम्मदशाह याच्या कानावर घातली आणि नव्याने वेध घेण्याची आज्ञा मिळविली. या वेधांवरून जो ग्रंथ सिद्ध झाला त्याचे नाव ‘झीज-इ-मुहम्मदशाही’. फारसीत ‘झीज’ म्हणजे ग्रहगणिताची कोष्टके. आपल्या मराठी झिजेशी त्या शब्दाचे काही नाते नाही. पण योगायोग असा की त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक तक्रार आहे, आणि ती नेमकी झिजेचीच आहे.

पहिला प्रयत्न कोणीही केला असता तसाच जयसिंहाने केला. इस्लामी ज्योतिषाच्या ग्रंथांत वर्णिलेली पितळेची यंत्रे त्याने दिल्लीत घडविली. एकात एक बसविलेली कडी, आसांवर फिरणाऱ्या पट्ट्या, अंशांच्या खुणा असलेली वर्तुळे. त्यांवरून वेध घेतले आणि मनाजोगते उतरेनात. अशा वेळी सामान्य राजाने कारागिराला दोष दिला असता, किंवा अधिक चकचकीत पितळ मागविले असते. जयसिंहाने वेगळे केले. यंत्र का चुकते याची त्याने छाननी केली, आणि त्या छाननीतून निघालेले दोष प्रस्तावनेत एकामागून एक नोंदविले. यंत्रे लहान असल्यामुळे त्यांवर कलांच्या खुणा करता येत नाहीत. आस झिजतात आणि डळमळतात. वर्तुळांचे मध्यबिंदू जागचे हलतात. यंत्राची पातळी बिघडते.

ही यादी दिसते साधी, पण तिच्यातला पेच समजून घेतला पाहिजे. वर्तुळाचे अंश तीनशे साठ आणि प्रत्येक अंशाच्या कला साठ. तीन गज व्यासाचे चांगले मोठे कडे घेतले तरी त्यावर एक कला म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी लांबी. तेवढ्यात रेघ ओढायची कशी आणि वाचायची कशी? मग कडे मोठे करावे. पण पितळेचे कडे मोठे केले की ते स्वतःच्याच वजनाने वाकते, आणि त्या वजनाखाली आस अधिक झिजतो. बैलगाडीचा आस झिजला की चाक हेलकावे खाऊ लागते, तशीच गत. म्हणजे लहान यंत्र सूक्ष्म वाचता येत नाही आणि मोठे यंत्र खरे राहत नाही. एक दोष काढावयास जावे तो दुसरा वाढतो. अशा कोंडीत पुष्कळ योजक मधला मार्ग काढतात, थोडे मोठे आणि थोडे जड असे काही तरी करून समाधान मानतात. जयसिंहाने तसे केले नाही, ही त्याच्या बुद्धीची खरी कसोटी.

यादीतील दोषांकडे पुन्हा पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. लहानपणा सोडला तर बाकीचे सारे दोष यंत्राच्या हलण्यातून निघालेले आहेत. यंत्र फिरते म्हणून आस झिजतो; आस झिजतो म्हणून मध्यबिंदू सरकतो; मध्यबिंदू सरकला की पातळी जाते. मग यंत्राला हलू देऊच नये. आकाश आपण होऊन फिरतेच आहे, त्याच्या मागे यंत्राने कशाला फिरावे? फिरण्याचे काम सावलीकडे सोपवावे. सावलीला वजन नाही, तिला आस लागत नाही आणि ती कधी झिजत नाही. हे एकदा ठरले की पितळेची गरजच उरली नाही. न हलणारी वस्तू दगड आणि चुना यांची करता येते, आणि दगडचुन्याची वस्तू हवी तेवढी मोठी करता येते. दोन परस्परविरोधी मागण्यांची कोंडी अशी एका फटक्यात सुटली. मोठ्या दगडी यंत्राची कल्पना सर्वस्वी नवी होती असे नाही. उलुघ बेगाने समरकंदला सुमारे चाळीस मीटर त्रिज्येची चाप जमिनीत खोदून बांधली होती, आणि जयसिंहाला ती ठाऊक होती. पण तिथे एक यंत्र तसे होते. इथे जवळजवळ संपूर्ण वेधशाळाच स्थिर करण्याचा निश्चय झाला.

दिल्लीची वेधशाळा १७२४ च्या सुमारास उभी राहिली. आवारातील एका पाटीवर १७१० हे साल आहे. ती पाटी १९१० मधील जीर्णोद्धाराच्या वेळची असून तिच्यावरचे साल चुकीचे आहे. मुहम्मदशाह गादीवर आला तोच मुळी १७१९ साली. पाटी दगडाची असली म्हणजे मजकूर खरा असतो असे नाही, एवढे यावरून कळते.

यंत्रांतील मुख्य ते सम्राट यंत्र. एक प्रचंड त्रिकोणी भिंत दक्षिणोत्तर उभी आहे. तिची उंची सुमारे ६८ फूट, पायथ्याची लांबी ११४ फुटांच्या आसपास. भिंतीची वरची तिरकी कड जमिनीशी २८ अंश ३७ कलांचा कोन करते. हाच दिल्लीचा अक्षांश. म्हणून ही कड पृथ्वीच्या आसाला समांतर होते आणि तिचे टोक ध्रुवाकडे रोखलेले राहते. भिंतीच्या दोन्ही अंगांना, पूर्वेस व पश्चिमेस, विषुववृत्ताच्या पातळीत दोन चतुर्थांश चापा पंखांसारख्या वर गेलेल्या आहेत. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या चापेच्या वरच्या भागात पडते, ऊन चढेल तशी खाली उतरते, मध्यान्ही पायथ्याशी नाहीशी होते आणि मग पूर्वेच्या चापेवर चढू लागते. साध्या उभ्या काठीची सावली कधी भराभर सरकते तर कधी रेंगाळते; त्यामुळे तिच्यावरून वेळ मोजायला कोष्टक लागते. सम्राट यंत्रावर मात्र समान वेळात सावली समान अंतर चालते. कड आसाला समांतर ठेवण्याचा हा लाभ. शिवाय कडेवरच्या कोणत्या बिंदूची सावली चापेच्या काठाला स्पर्श करते हे पाहिले की सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण अंतर, हाती येते. भिंतीच्या मधोमध जो लांबलचक जिना आहे तो शोभेचा नव्हे. कडेवरच्या खुणा वाचणाऱ्याला वर जाता यावे म्हणून तो ठेवलेला आहे.

चापेची त्रिज्या अठरा गज, म्हणजे सुमारे साडेएकोणपन्नास फूट. एवढ्या चापेवर एक कला दीड जवाएवढी रुंद होते, असा हिशेब प्रस्तावनेतच दिला आहे. आजच्या मापाने ते सव्वाचार मिलिमीटरांहून थोडे अधिक. सावली मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर धावते. नुसत्या डोळ्यांनी तिची धाव दिसते! घड्याळाच्या मिनिटकाट्याची चाल ज्यांना कधी दिसली नाही त्यांनी ही एकदा अवश्य पाहावी. मात्र हातातल्या घड्याळाशी ती ताडून पाहू नये, निदान हिशेब केल्याखेरीज. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची. दिल्ली त्याच्या पाच अंशांहून अधिक पश्चिमेस असल्याने दिल्लीचा खरा मध्यान्ह सुमारे एकवीस मिनिटे उशिरा होतो, आणि सूर्याच्या असमान गतीमुळे यात वर्षभर आणखी काही मिनिटांची घट-वाढ होत राहते.

येथवर सारे सरळ झाले. पण चांगल्या तोडग्याचे एक लक्षण असे की तो स्वतःच्या पोटातून नव्या अडचणी काढतो. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची आहे. त्यामुळे कुठल्याही कडेची सावली एकदम संपत नाही, गडद काळोख आणि स्वच्छ ऊन यांच्यामध्ये एक पुसट पट्टा राहतो. शास्त्रात याला उपच्छाया म्हणतात. आणि हा पट्टा अंतराबरोबर रुंद होतो. लहान यंत्रावर तो केसाएवढा. पन्नास फुटांवर तो पाच-साडेपाच इंच होतो. म्हणजे खुणा मोठ्या केल्या आणि त्याच प्रमाणात सावलीची कडही पुसट झाली. मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर धावणाऱ्या सावलीची कडच चौदा सेंटिमीटर रुंद असेल, तर दोन मिनिटांचा संशय राहिला.

या अडचणीवर दोन उपाय आहेत. पहिला हाताच्या कसबाचा. सावलीच्या पुसट भागात एक बारीक काडी किंवा ताणलेला दोरा कडेला समांतर धरावा आणि काडीची सावली भिंतीच्या सावलीत नेमकी कोठे विरते ते पाहावे. सरावलेला वेधकर्ता यावरून बऱ्याच सूक्ष्मतेने वाचन करू शकतो. दुसरा उपाय अधिक मूलगामी, आणि तो सम्राट यंत्राच्याच पोटात आहे. पूर्वेकडील चापेखालच्या बांधकामात एक अंधारी खोली असून तिच्यात षष्ठांश यंत्र बसविले होते. खोलीच्या छताशी एक बारीक छिद्र आणि खाली साठ अंशांची चाप. मध्यान्ही छिद्रातून आलेला प्रकाश त्या चापेवर सूर्याची वाटोळी प्रतिमा पाडतो. भिंतीच्या कडेचा पुसटपणा येथे नडत नाही, कारण येथे सावली मोजायचीच नाही. काळोखात उमटलेल्या उजेडाचे दोन काठ मोजायचे. सावलीने भागेना तेव्हा प्रश्न उलटा केला, आणि वर त्यासाठी जे बांधकाम चापेला पेलून धरण्याकरिता करावे लागणारच होते त्याचाच उपयोग केला. वेगळी जागा नाही की वेगळा खर्च नाही. राजाश्रयाने झालेल्या कामांत अशी काटकसर विरळा.

सम्राट यंत्र सूर्याची वेळ आणि क्रांती सांगते. पण संपूर्ण आकाश एका दृष्टिक्षेपात वाचता यावे, ही जुनी हौस. तिच्यासाठी जयप्रकाश यंत्र. कल्पना अशी : आकाश हा आपल्या डोक्यावरचा पालथा कटोरा, त्याचे प्रतिबिंब म्हणून जमिनीत एक उताणा कटोरा खणावा. कटोऱ्याच्या काठावर दोन तारा एकमेकींना छेदतील अशा ताणाव्यात. त्या छेदबिंदूची सावली कटोऱ्याच्या आतल्या पृष्ठभागावर जेथे पडेल ते सूर्याचे उलटे स्थान. पृष्ठभागावर उन्नतांश-दिगंशाची, विषुववृत्ताची, राशींची सारी वर्तुळे कोरून ठेवली की कोणत्याही क्षणी सूर्य कोठे आहे ते नुसते वाचून घ्यावे. दिवसापुरते हे झाले. रात्रीचे काय? ताऱ्याची सावली पडत नाही. तारा पाहायचा तर पाहणाऱ्याने स्वतः डोळा कटोऱ्याच्या पृष्ठभागाशी नेऊन तेथून छेदबिंदूतून ताऱ्याकडे पाहिले पाहिजे. पण पृष्ठभाग अखंड दगडी असल्यावर माणूस उभा राहणार कोठे?

पेच पाहण्यासारखा आहे. सावली झेलायला पृष्ठभाग हवा. डोळा ठेवायला त्याच जागी पोकळी हवी. एकाच ठिकाणी दगडही हवा आणि दगड नकोही. हलणारे भाग वापरायला मोकळीक असती तर पृष्ठभागाचे तुकडे सरकते केले असते. पण हलणारे भाग वर्ज्य हे व्रत पहिल्याच पायरीला घेतलेले. तेव्हा जयसिंहाने एकाच्या ऐवजी दोन कटोरे बांधले. प्रत्येक सुमारे सत्तावीस फूट व्यासाचा. प्रत्येकातून एकाआड एक फाके कापून तेथे माणसाला उतरण्याजोगे बोळ ठेवले, पण असे की एका कटोऱ्यात जेथे फट आहे तेथे दुसऱ्यात पृष्ठभाग आहे. दोन्ही कटोरे मनाने एकावर एक ठेवले तर एक संपूर्ण गोलार्ध होतो. एकातली सावली फटीच्या काठाशी आली की वेधकर्त्याने उठून शेजारच्या कटोऱ्यात जावे, सावली तेथे त्याची वाट पाहत असते. यंत्राला हलू द्यायचे नाही, म्हणून माणसाने हलायचे. दुप्पट बांधकामाची किंमत मोजून एक मूळ नियम अभंग राखला.

हीच युक्ती राम यंत्रात अधिक भव्य झाली आहे. दोन वाटोळ्या, वरून उघड्या इमारती. प्रत्येकीच्या मध्यभागी एक खांब. खांबापासून भिंतीपर्यंतचे अंतर जेवढे तेवढीच भिंतीची उंची. त्यामुळे सूर्य पंचेचाळीस अंशांवर असता खांबाच्या टोकाची सावली नेमकी जमीन आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात पडते. सूर्य त्याहून खाली असेल तर भिंतीवर, वर असेल तर जमिनीवर. जमीन म्हणजे तरी सलग जमीन नव्हे. सहा-सहा अंशांचे तीस दगडी फाके मध्याकडून भिंतीकडे पसरलेले, आणि त्यांच्यामध्ये तेवढ्याच रुंदीच्या तीस फटी. फाके कमरेएवढ्या उंचीवर उचललेले आहेत, कारण फटीत उभ्या राहिलेल्या माणसाचा डोळा फाक्याच्या पातळीशी सहज यावा. दुसऱ्या इमारतीत फाके आणि फटी यांची अदलाबदल. आजचे प्रवासी या खिडक्यांच्या आणि कमानींच्या ओळींची छायाचित्रे घेतात. आधुनिक शिल्पकार आणि वास्तुशिल्पी यांनाही या आकारांनी भुरळ घातली आहे. सौंदर्यासाठी म्हणून तेथे काहीही केलेले नाही, असे म्हणणे कदाचित धाडसाचे होईल. पण ज्या ठिकाणी डोळा ठरतो त्या प्रत्येक ठिकाणी काही तरी मोजायचे होते, हे खरे.

आवारातील चौथे, मिश्र यंत्र, हे अनेक यंत्रांचा एकत्र जुडगा आहे. जयसिंहाच्या लेखनात त्याचा उल्लेख नसल्याने ते त्याचा पुत्र माधोसिंह याच्या वेळचे असावे असा तर्क आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या चिन्हामुळे जंतर मंतरची आकृती देशभर घरोघरी पोचली.

या उद्योगात जयसिंह एकटा नव्हता. त्याच्या पदरी हिंदू ज्योतिषी होते, फारसी जाणणारे मुसलमान विद्वान होते, पुढे पाद्रीही आले. त्यांत पंडित जगन्नाथ सम्राट यांचे नाव अग्रगण्य. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय मानते. टॉलेमीचा महान ग्रंथ त्यांनी अरबीवरून ‘सिद्धान्तसम्राट’ या नावाने संस्कृतात आणला आणि युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ म्हणून उतरविली. भूमितीचे हे अनुवाद आणि दगडी यंत्रे एकाच दरबारात झाली हा योगायोग नव्हे. मराठ्यांचा आणि जयसिंहाचा संबंध एरवी आपण माळव्याच्या सुभ्यावरून आणि तहांच्या वाटाघाटींवरून ओळखतो. १७३५ साली बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस गेल्या तेव्हा जयसिंहाने त्यांचा मोठा आदर केला. १७३७ च्या वसंतात खुद्द बाजीराव फौजेनिशी दिल्लीच्या वेशीवर आला, तेव्हा ही यंत्रे शहराबाहेरच्या मोकळ्या रानात उभी होती. दोनच वर्षांनी नादिरशहाने दिल्ली लुटली. असल्या धामधुमीच्या काळात हा माणूस कलांचे आणि विकलांचे हिशेब करीत होता.

एका जागेच्या वेधावर विसंबू नये म्हणून जयसिंहाने जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथेही वेधशाळा उभारल्या. येथे त्याच्या पद्धतीचा आणखी एक विशेष दिसतो. त्याने दिल्लीच्या इमारतीची नक्कल केली नाही. प्रत्येक गावी अक्षांश वेगळा, म्हणून कडेचा उतार वेगळा. उज्जैनीस तो सव्वातेवीस अंशांच्या आत येतो. काशीस मोकळी जागा नव्हती, तेव्हा गंगेकाठच्या मानमंदिराच्या गच्चीवर लहान यंत्रे बांधली. जयपूरला सम्राट यंत्राची भिंत नव्वद फुटांवर गेली आणि कित्येक मापपट्ट्या संगमरवरात झाल्या. आकार बदलला, नियम तोच राहिला.

जयसिंहाची चूक कोठे झाली हेही सांगितले पाहिजे; ती लपवून त्याचा गौरव वाढत नाही. १७३० च्या सुमारास पाद्री मान्युएल द फिगेरेदु याच्याबरोबर पोर्तुगालला गेलेली त्याची मंडळी परत आली आणि त्यांनी फ्रेंच ज्योतिषी ला इर याची कोष्टके आणली. जयसिंहाने ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली, तो चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक! हा निष्कर्ष बरोबर होता. पण त्याचे कारण त्याने असे लावले की युरोपात एवढ्या मोठ्या व्यासाची यंत्रे बांधलेली नाहीत. ज्याने पितळी यंत्राचे दोष इतक्या निर्विकारपणे हुडकून काढले, त्याने दुसऱ्याच्या दोषाचे कारण मात्र स्वतःच्या आवडत्या उपायावरून ठरविले. खरे कारण यंत्रांच्या आकारात नव्हतेच. चंद्राच्या गतीचे गणितच त्या वेळी अपुरे होते; ते पुरे पडू लागले १७५० नंतर, टोबियास मायर याच्या कोष्टकांनी, आणि तोवर जयसिंह निवर्तून दहा वर्षे झाली होती.

तिकडे युरोपात सूक्ष्म मापनाची वाटही निराळी झाली होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस आणि ग्रिनिच येथील ज्योतिष्यांनी अंशांच्या चापेवर दुर्बीण बसविली होती. माणसाच्या नुसत्या डोळ्याला एका कलेहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. दगड कितीही मोठा केला तरी डोळा तेवढाच राहतो. दुर्बिणीने डोळाच मोठा केला. जयसिंहाकडे दुर्बिणी होत्या. त्यांतून त्याने गुरूचे उपग्रह आणि सूर्यावरचे डाग पाहिल्याचे नमूद आहे. परंतु दुर्बीण ही त्याच्या लेखी पाहण्याची वस्तू राहिली, मोजण्याची झाली नाही. त्याची मंडळी पोर्तुगालला गेली, पॅरिसला किंवा ग्रिनिचला गेली नाहीत, हेही एक कारण असेल. यावरून काही पाश्चात्त्य लेखकांनी ही सारी खटपट कालबाह्य ठरविली. हा निकाल फार उतावळा आहे. जी. आर. के यांनी १९१८ साली या वेधशाळांची बारकाईने मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत टीका आहे, पण मोजमापे घेण्याइतका आदरही आहे. आणि मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात जयसिंहाची दखल घेतली, ती स्वतः आकाश पाहणाऱ्या गणित्याच्या नजरेने. उघड्या डोळ्यांनी आणि न हलणाऱ्या यंत्राने जेवढे साधते तेवढे जयसिंहाने जवळजवळ सारे साधले.

झीज मात्र त्याला चुकविता आली नाही. तिने फक्त जागा बदलली. आस झिजू नयेत म्हणून आस काढून टाकले, पण दिल्लीच्या यंत्रांवरच्या खुणा चुन्याच्या गिलाव्यात कोरलेल्या होत्या. पाऊस, ऊन आणि माणसांचे हात यांनी गिलावा गेला आणि त्याबरोबर कलाही गेल्या. जयपूर दरबाराने १९१० साली दिल्लीची यंत्रे दुरुस्त केली. तरी मूळ सूक्ष्म खुणा परत आल्या नाहीत. त्यानंतर नवी दिल्ली वसली, मोकळे रान होते तेथे रस्ते आणि उंच इमारती आल्या आणि क्षितिजाचा पुष्कळसा भाग झाकला गेला. मथुरेची वेधशाळा पार नाहीशी झाली. जयपूरची २०१० साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. उज्जैनीच्या यंत्रांचा उद्धार १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी करविला आणि त्या वेधशाळेची व्यवस्था गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्गणित्याकडे आली. दिल्लीच्या आवारात खुणा पुसलेल्या चापेवरून सावली अजून मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर या तिच्या जुन्याच वेगाने जाते.